समोरच्या दारावरचं तोरण

हॉलंडमधल्या एनस्खेडेहून सायकलने निघालं की शहर नेमकं कुठे संपलं ते डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतं. शेणखताचा वास आला की समजायचं, आपली वाडी आली. वाडी हा माझा शब्द. तिथल्या सरकारदरबारी तिला गाव म्हणण्याइतकीही किंमत नव्हती. मक्याची शेतं, कुरणं, मधून जाणारा एक अरुंद रस्ता आणि त्या रस्त्याला धरून विखुरलेली थोडीशी घरं. दुकान नाही, शाळा नाही, चर्च नाही, बस येत नाही. घरांच्या मागून एक ओढा वाहतो आणि पुढे जाऊन रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे निघून जातो. नावाची पाटी वाचून होईपर्यंत वाडी संपलेली असते.

हे घर नवऱ्याने शोधलं. तो विद्यापीठात संशोधक, दिवसभर माणसांत असायचा, त्यामुळे त्याला शांतता हवी होती. मी त्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेली, घरी बसून एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी. मला शांतता नको होती. ती माझ्याकडे पोत्याने होती. पण घर मोठं होतं, भाडं शहरातल्या फ्लॅटएवढंच होतं आणि खिडकीतून गाई दिसत होत्या. गाई बघून मी विरघळले, हे कबूल करते.

सामान लावत होतो त्याच दिवशी मक्याच्या शेतावरचा शेतकरी आला. उंच, लालबुंद, हातात टोपी. त्याने आमचं स्वागत वगैरे केलं नाही. त्याने आम्हाला कामाला लावलं. म्हणाला, तुम्ही घेतलेलं घर हे समोरच्या घराचं पहिलं शेजारघर आहे. मला वाटलं, तो अंतराबद्दल बोलतोय. तर तसं नव्हतं. त्या भागात शेजाऱ्यांची कामं वाटून दिलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या, आणि ती माणसांना नाही, घरांना चिकटलेली असतात. समोरच्या घरात लग्न असो, बाळ होवो, मयत होवो, पहिल्या शेजाऱ्याने पुढे व्हायचं. मयताची बातमी घरोघरी जाऊन त्यानेच सांगायची. शवपेटीला खांदाही शेजारीच देतात. घरात राहायला आलात की हे सगळं तुमच्याकडे आलं, भाडेकरू असा नाहीतर आणि कुणी.

"आम्हाला काही येत नाही हो यातलं," नवरा म्हणाला.

"येईल," शेतकरी म्हणाला आणि कपाट उचलायला लागला.

समोरच्या घरात एक नवरा-बायको राहत. मूलबाळ नव्हतं. गाई विकून बरीच वर्षं झाली होती, पण गोठा झाडलेला असायचा. बाई बुटक्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून सदा वाफ्यात. आम्ही गेलो त्याच शरदात त्यांच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. त्यांना उचलून बसवणं बाईंना झेपेना, म्हणून जवळच्या मोठ्या गावातल्या, आजारी वृद्धांना सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवावं लागलं. बाई रोज सायकलने जायच्या, दुपारभर बसायच्या आणि अंधार पडायच्या आत परतायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही. मी एकदा विचारलं, जड जात असेल ना? तर म्हणाल्या, वारा समोरून असला की जातं.

फेब्रुवारीत माझ्या सासूबाई आल्या. सासऱ्यांना इतका लांबचा प्रवास सोसत नाही म्हणून एकट्याच आल्या. पाडवा इथे करायचा आणि परत जायचं असा बेत. पाडवा आला तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद झाली होती. सासूबाई हॉलंडमधल्या मक्याच्या शेतात आणि सासरे पुण्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, एकटे. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता त्याला सासूबाई फोनवरून कुकर लावायला शिकवत होत्या. "शिट्टी झाली की गॅस बारीक करा. बारीक म्हणजे बंद नव्हे हो." फोन ठेवला की स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभ्या राहायच्या. मी चहा पुढे करायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. नवरा रोज कुठल्यातरी वेबसाइटवर विमान शोधायचा. आईसमोर शोधतोय असं दिसावं म्हणूनच शोधायचा बहुधा, कारण विमान नव्हतंच.

त्याच दिवसांत केंद्राचे दरवाजेही बंद झाले. भेटायला येणाऱ्यांनी आत यायचं नाही. बाईंना हे फोनवरून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकलच्या कॅरियरला घडीची खुर्ची बांधली आणि नेहमीच्या वेळी निघाल्या. नवऱ्याची खोली तळमजल्यावर होती. बाई खिडकीबाहेर खुर्ची मांडून बसायच्या, विणकाम घेऊन. ते आत चाकाच्या खुर्चीत, त्यांच्याकडे बघत. काच जाड होती, नवऱ्याला ऐकूही कमी यायचं.

"मग बोलता कसं?" मी विचारलं.

"आधीही फार बोलत नव्हतो," बाई म्हणाल्या. "तो मला विणताना बघतो. टाका सुटला की बोट दाखवतो."

मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्या दिवसापासून त्यांचं आणि समोरच्या बाईंचं गूळपीठ जमलं. एकीला मराठी सोडून काही येत नव्हतं, दुसरीला तिथल्या गावबोलीशिवाय गोड वाटत नव्हतं. कुंपणाच्या अल्याडपल्याड उभ्या राहून दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींना कळायचं. निदान कळल्यासारखं माना तरी हलवायच्या. सासूबाई त्यांना ताई म्हणत. त्यांनी थालीपीठ दिलं की बाई रुबार्बची जुडी द्यायच्या. रुबार्ब हा लालसर, जाड देठ, त्याचं तिथे गोड करतात. सासूबाईंनी तो चाखून बघितला, अंबाडीसारखा आंबट लागला म्हणून दाणे-लसूण घालून त्याची भाजी केली आणि वाटीभर परत पाठवली. बाईंनी ती पावावर घालून खाल्ली.

मग एप्रिलमध्ये शेतकरी पुन्हा आमच्या दाराशी आला. अंतर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, मे महिन्यात समोरच्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. कमान बांधायची. पहिलं शेजारघर तुमचं.

तिथली कमान म्हणजे आपल्या तोरणाची थोरली बहीण. पातळ फळ्यांची चौकट दाराभोवती उभी करायची, तिच्यावर फर या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्यांची जाड माळ गुंडाळायची आणि त्या हिरव्यात क्रेप कागदाचे गुलाब खोवायचे. नव्या लग्नाला पांढरे, पन्नासाव्याला सोनेरी. हे गुलाब शेजाऱ्यांनीच करायचे, एका घरात जमून, गप्पा मारत, पीत. आता जमणं बंद होतं. म्हणून शेतकऱ्याने प्रत्येक फाटकावर सोनेरी-पिवळ्या कागदाची एकेक पिशवी अडकवली, ज्याने त्याने आपापल्या घरात बसून करा म्हणाला.

मी केलेला पहिला गुलाब कोबीसारखा दिसत होता. सासूबाईंनी तो माझ्या हातून काढून घेतला, उलगडला आणि बघताबघता त्याचा खरा गुलाब केला. गणपतीची मखरं त्या लग्नाआधीपासून करत आलेल्या. पाकळीची कड अंगठ्याने ताणायची, मग विणायच्या सुईवर गुंडाळून सोडायची, की ती आपसूक वळते. मी बघत राहिले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा सासूबाईंचा चेहरा कामात बुडालेला दिसत होता. आमच्या पिशवीतला कागद संपला. शेतकऱ्याने आणखी आणून दिला. मग इतर घरांनी आपापले कागद आमच्याकडे सरकवायला सुरुवात केली, कारण सासूबाईंच्या हातचे गुलाब बघितल्यावर आपले कोणालाच आवडेनात. जेवणाचं टेबल, सोफा, नवऱ्याचं लॅपटॉपचं टेबल, सगळीकडे पिवळं झालं. सासऱ्यांना फोनवर दाखवले तर ते म्हणाले, "आपल्या पन्नासाव्याला कोण करणार?" सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी नीट जेवा."

या सगळ्याला एक कारण होतं, आणि ते आता सगळ्या वाडीला माहीत झालं होतं. बाईंनी केंद्राच्या मागे लागून एक कबूल करून घेतलं होतं. त्या दिवशी चाकाची खुर्ची चढवता येते अशा गाडीतून त्यांच्या नवऱ्याला आणायचं आणि घरासमोर थोडा वेळ थांबवायचं. उतरवायचं नाही, घरात न्यायचं नाही. गाडीच्या खिडकीतून त्याने आपलं दार बघायचं, दारात बायको आणि दाराभोवती कमान. बस, एवढंच. शेतकरी म्हणाला की लग्नानंतर ते दोघं याच दारातून, अशाच कमानीखालून आत आले होते, ती कमान त्याच्या बापाने बांधली होती. आम्ही सगळे ती गाडी येण्याची वाट बघत होतो. मी तर तिच्यावर माझं स्वतःचं काय काय लावून बसले होते. ती गाडी आली तर सासूबाईंचं विमानही येईल, असलं काहीतरी अडाणी गणित मी मनात मांडलं होतं.

कमान उभी राहिली तेव्हा ऊन होतं. शेतकऱ्याने चौकट ठोकली, नवऱ्याने शिडी धरली, सासूबाईंनी खालून बोटाने दाखवत एकेक गुलाब कुठे बसवायचा ते सांगितलं. मराठीतच सांगितलं आणि शेतकऱ्याने तसाच बसवला. बाई बाहेर आल्या, बघितलं आणि परत आत गेल्या. जरा वेळाने डोळे पुसून कॉफी घेऊन आल्या. आम्ही रस्त्यावर लांब लांब उभे राहून कॉफी प्यायलो. लॉकडाऊनमधला तो एकच दिवस मला चांगला म्हणून आठवतो.

लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी केंद्रातून फोन आला. त्या मजल्यावर कोणाला तरी लागण झाली होती. कोणी बाहेर जायचं नाही, खिडकीपाशीही कोणी यायचं नाही. बाईंनी हे आम्हाला कुंपणापाशी येऊन सांगितलं, शांतपणे. मला काहीतरी म्हणायचं होतं, तर माझ्या डोक्यातलं सगळं डच पळून गेलं. मी नुसती मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी बाईंनी चांगला पोशाख घातला, केस विंचरले आणि कमानीखाली तीच घडीची खुर्ची मांडून बसल्या. रस्त्यावरून दुधाचा टँकर गेला. नंतर कोणी गेलं नाही. सासूबाईंनी शिरा केला होता. तो द्यायला जायचं का नको, यावर आम्ही दोघी खिडकीमागे कुजबुजत होतो. शेवटी त्याच गेल्या, वाटी फाटकावर ठेवली आणि हात जोडून आल्या. बाईंनी शिरा खाल्ला. मला त्या दिवशी भयंकर राग आला होता, कोणाचा ते सांगता येईना. ज्याच्यावर काढावा असं समोर कोणीच नव्हतं.

कमान तशीच राहू दिली. काही दिवस ती ठेवायचीच असते, शेतकरी म्हणाला. मग सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून उतरवायची. बाई म्हणाल्या, अजून असू दे, पुढच्या आठवड्यात आणतील त्याला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याला ताप आला.

मग एका सकाळी मी भांडी लावत होते आणि बाई दाराशी आल्या. बेल वाजवून पार मागे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तो गेला. पहाटेच. पहिलं तुम्हाला सांगायचं असतं." मग म्हणाल्या की मोठ्या गावातल्या अंत्यविधीवाल्यांची बाई त्यांना न्यायला येते आहे, केंद्रात एकदा आत सोडणार आहेत, सगळं अंगावर चढवून. गाडी आली आणि त्या गेल्या. मी सासूबाईंना सांगितलं.

आता आमची पाळी होती. बातमी घरोघरी सांगायला पहिल्या शेजाऱ्याने स्वतः जायचं, फोन करायचा नसतो. नवरा आणि मी सायकली काढल्या. प्रत्येक दाराशी जाऊन बेल वाजवायची, मागे सरायचं, आणि शेतकऱ्याने पूर्वी शिकवलेलं वाक्य म्हणायचं. माझं डच व्याकरण त्या दिवशी कोणी तपासलं नाही. लोक ऐकायचे, मान खाली घालायचे, आणि आभार मानायचे. मरणाची बातमी आणल्याबद्दल आभार मानतात हे मला माहीत नव्हतं. एका घरात म्हाताऱ्याने विचारलं, आता खांदा कोण देणार? नियम असा होता की शेजाऱ्यांनी पेटी उचलायची नाही, अंत्यविधीवाल्यांची हातमोजे घातलेली माणसंच उचलणार. ते ऐकून तो म्हणाला, मग आपण आहोत कशाला? शेवटचं घर ओढ्याच्या पार पलीकडे, जंगलाच्या कडेला. परत यायला दुपार झाली.

सायकल लावताना माझं लक्ष समोर गेलं. समोरच्या दाराभोवती नुसती चौकट उभी होती. उघड्या फळ्या, त्यांवर लोंबणारं थोडं तारेचं वेटोळं. फरची डहाळी नाही, गुलाब नाही, काही नाही.

सासूबाई आमच्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. साडी घोट्यापर्यंत भिजलेली, हात राळेने चिकट झालेले, डोळे सुजलेले.

"आई, कमान कुठे गेली?"

"काढली मी," त्या म्हणाल्या. "अगं, नवरा गेला त्या बाईचा. घरी परत येईल आणि दारावर तोरण? बघवेल का तिला? तुम्ही तिकडे निरोप सांगत फिरताय, शेतकऱ्याच्या लक्षात आलं नाही, मग म्हटलं आपणच करावं. शिडी इथेच होती." मग म्हणाल्या, "कचऱ्यात टाकवेनात. पायदळी यायला नकोत म्हणून ओढ्यात सोडले. निर्माल्यासारखे."

नवरा काही बोलणार तेवढ्यात मी त्याचा हात दाबला. त्यांचं काय चुकलं होतं? आमच्याकडे मयत झालेल्या घरावर तोरण कोण ठेवतं? मीसुद्धा घरी असते तर कदाचित त्यांना शिडी धरली असती. आपण मिळून उतरवायची असते, पण ठीक आहे, शेतकऱ्याला समजावून सांगू, असा मी विचार करत होते. त्यापलीकडचं मला काहीच माहीत नव्हतं.

मग बाईंची गाडी आली. त्या उतरल्या, पाठ स्वतःच्या घराकडे. मी फाटकापर्यंत गेले. त्या मला सांगायला लागल्या, सकाळपेक्षा जरा भरभर, जवळजवळ उत्साहाने, "जमवलं मी. परवा दफनाला नेताना गाडी इथून येणार, दारासमोर थांबणार. दार उघडं ठेवायचं. कमानीतून आत नाही येता यायचं त्याला, पण समोर तर येईल. त्यांनी कबूल केलंय. जिवंतपणी नाही तर नाही, पण तो..." आणि त्या घराकडे वळल्या.

मी बघत होते त्यांच्याकडे. त्यांनी चौकटीकडे बघितलं, मग खाली पायरीकडे, जणू गुलाब तिथे गळून पडले असतील. वाऱ्याने गेली की काय, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सांगावंच लागलं. निर्माल्याला डचमध्ये काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, असेल असंही नाही. मी म्हणाले, माझ्या सासूबाईंनी काढली, आमच्याकडे मयताच्या घरावर सणाचं काही ठेवत नाहीत, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून काढली, आणि फुलं पवित्र मानून पाण्यात सोडली. माझी वाक्यं मोडत होती. मी म्हणाले, "आपण परत करू. आज रात्रभर बसून करू. कागद आहे अजून."

बाईंनी मान हलवली. "नाही," त्या म्हणाल्या. "आधीपासून असती तर ती लग्नाचीच राहिली असती. आता बांधली तर ती मयतासाठी बांधलेली होईल. मेलेल्यासाठी कोणी बांधत नाही."

म्हणजे त्यांचा नियमही शेवटी आमच्यासारखाच होता. फक्त एका जागी वेगळा होता, आणि सगळं नेमकं त्या एका जागी येऊन फसलं होतं. इतक्या दिवसांत मी विमान आणू शकले नव्हते, खिडकी उघडू शकले नव्हते, गाडी आणू शकले नव्हते. आता दारावर असलेलीही एक गोष्ट राखता आली नव्हती.

आमच्या मागच्या पायरीवर सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. लांबून त्यांनी ताईंना बघितलं आणि हात जोडले, डोळ्यांना पदर लावला. बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांची ओली साडी त्यांना दिसली असणार. मग त्यांनीही छातीवर हात ठेवून मान लववली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला सांगू नकोस. चांगलं केलंस म्हणावं. आभार मानलेत म्हणावं. ती फुलं तिने किती दिवस बसून केली होती."

मी परत येऊन सासूबाईंना तसं सांगितलं. "बघ," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तू मघाशी तोंड वाकडं करत होतास."

दुसऱ्या दिवशी मी शेतकऱ्याला मोरीपाशी बघितलं. मोरीच्या जाळीवर काही अडकलं की ते काढायचं काम त्याच्याकडे होतं. तो दाताळ्याने पिवळ्या लगद्याचे गोळे ओढून काठावर टाकत होता. कागदाचा रंग पाण्यात उतरला होता. मी थांबले. तो ओढतच राहिला. खूप रागावलेला होता, मानेपर्यंत लाल. मी जे समोरच्या बाईंना सांगितलं होतं तेच त्याला सांगायला सुरुवात केली, तर म्हणाला, "मला सांगितलंय तिने. सगळ्यांना सांगितलंय." आणि त्या लगद्यावर त्याने गवत ओढलं, आमच्या घराकडून येणाऱ्याला दिसू नये असं.

त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, वाडीतली सगळी घरं, अंतर सोडून. काळी गाडी हळू आली आणि समोरच्या दारापाशी थांबली. दार उघडं होतं. आतला पॅसेज दिसत होता, खुंटीवर त्यांचा कोट दिसत होता. चौकट तशीच उभी होती. शेतकरी ती काढायला गेला तेव्हा बाईंनी राहू दे म्हटलं होतं. गाडी त्या उघड्या फळ्यांसमोर उभी राहिली. एरवी ज्यांनी खांदा दिला असता ते पुरुष हात खाली सोडून उभे होते, त्यांना ते हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. बाई मागच्या गाडीत होत्या. त्या दाराकडे बघत नव्हत्या, पुढच्या गाडीकडे बघत होत्या.

माझ्या शेजारी सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. हळूच मला म्हणाल्या, "निदान त्या काठ्या तरी काढायला हव्या होत्या गं. बरं झालं, फुलं तरी नाहीत."

गाडी निघाली.

सासूबाईंना सरकारने सोडलेल्या खास विमानात जागा मिळेपर्यंत मका माणसाच्या डोक्यावर गेला होता. तोपर्यंत वाडीत एकाही माणसाने त्यांना काही कळू दिलं नाही. रस्त्यात भेटला की शेतकरी टोपीला हात लावायचा. बाई कुंपणापाशी येऊन रुबार्ब देत राहिल्या. आता त्यांना दुपारी कुठे जायचं नसायचं, म्हणून जास्त वेळ उभ्या राहायच्या. कधी कधी मला वाटायचं, सगळ्यांनी मिळून उचललेलं एक ओझं सासूबाईंच्या डोळ्यांदेखत इकडून तिकडे चाललंय आणि त्यांना फक्त ते दिसत नाहीये. त्या निघाल्या तेव्हा बाईंनी त्यांना एक लोकरीचा मफलर दिला. कुणासाठी विणायला घेतला होता ते मी विचारलं नाही. मध्ये एके ठिकाणी टाका सुटलेला होता.

सासूबाई पुण्याला पोहोचल्या. विलगीकरण म्हणून काही दिवस एकाच घरात सासरे एका खोलीत आणि त्या दुसऱ्या खोलीत, मग तेही संपलं. आम्हीही नंतर ते घर सोडलं, दक्षिणेकडच्या बेस्ट नावाच्या गावाला आलो, नवऱ्याला तिकडे नोकरी लागली म्हणून. बाई तिथेच आहेत. मी फोन केला की आधी विचारतात, सासूबाई कशा आहेत, त्यांचे यजमान कसे आहेत, एकत्र आहेत ना. मी हो म्हणते.

पुण्यात आता ही गोष्ट सगळ्या नात्यात माहीत झाली आहे. हळदीकुंकवाला, बारशाला, कुठेही विषय निघाला की सासूबाई सांगतात, परदेशात, कोण कुठली बाई, पण वेळेला आपला संस्कार कसा उपयोगी पडला. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे दोन मावश्या बसल्या होत्या. "सांग गं यांना," सासूबाई मला म्हणाल्या. "ताई अजून माझं नाव काढतात की नाही?"

"काढतात, आई. दर वेळी."

"मी घरात होते म्हणून," त्या मावश्यांकडे वळून म्हणाल्या. "नाहीतर बिचारी परत आली असती आणि दारावर तोरण तसंच. कुणाच्या लक्षात तरी आलं असतं का?"

"नसतं आलं," मी म्हणाले.